सिंहाच्या पायांचं कपाट आणि बहीगाचे कान

इजिप्तमधल्या आमच्या दुमयातमध्ये लाकडाला हात न लावता म्हातारा झालेला माणूस मी एकच पाहिला, आणि तोही नंतर पोर्ट सईदचा निघाला. मी स्वतः सुतार नाही. सुतारांनी केलेल्या कोच-खुर्च्यांवर मी सोन्याचा वर्ख चढवतो, पंचावन्न वर्षं चढवतोय. तेव्हा पुढे जे सांगतो त्यावर थोडा वर्ख असेल, पण आतलं लाकूड अस्सल आहे. खोटं निघालं तर माझ्या दाढीला वर्ख चिकटो.

हाज तोल्बाला सगळा गाव ओळखतो. नदीकाठी त्याचं मिशब्बकचं दुकान आहे. त्याची मिशब्बक, म्हणजे पाकात बुडवलेली ती जाळी, इतकी कुरकुरीत की पलीकडच्या काठावरचा माणूस खायला लागला तरी अलीकडे ऐकू येतं. गल्ल्याच्या वर भिंतीवर एक फ्रेम. फ्रेममध्ये तरुण तोल्बा, मिशा नुकत्या फुटलेल्या, व्हिडिओ गेमच्या यंत्राशेजारी छाती काढून उभा, आणि खाली अक्षरं: 'रास अल-बर्रचा विजेता, ८४,२००.'

ती फ्रेम खोटी आहे असं जगात एकच माणूस म्हणायचं. सित्त बहीगा.

सित्त म्हणजे बाई, आणि बहीगा म्हणजे आमच्या सुताराची, उस्ता बदीरची थोरली बहीण. मुलींच्या शाळेत तिनं छत्तीस वर्षं गणित शिकवलं. गावातल्या निम्म्या आया अजून तिला रस्त्यात बघून पदर सारखा करतात आणि मनातल्या मनात पाढे म्हणतात. पण चाळीस उन्हाळ्यांपूर्वी ही बाई रास अल-बर्रच्या समुद्रकाठच्या गेमच्या दालनात उभी राहून विमानं पाडायची. कशी? कानांनी. त्या खेळात पडदाभर पांढरे ढग असतात आणि शत्रूची विमानं ढगाआडून येतात. छोटं विमान निघताना बारीक शीळ घालतं, जड विमान खाली खर्जात घुरघुरतं. दिसतं मागाहून. बाकीचे डोळे फाडून बघत बसायचे आणि मरायचे. बहीगा जवळजवळ डोळे मिटून खेळायची.

त्या उन्हाळ्यात तिचे एक्याण्णव हजार झाले. तोल्बाचे होते चौऱ्याऐंशी हजार दोनशे. आणि त्याच क्षणी यंत्राची वायर भिंतीतून निसटली. पडदा काळा, आकडा गेला. तोल्बा म्हणाला, "अरेरे, पाय लागला वाटतं कुणाचा."

तेव्हापासून दर सणाला हा माणूस तिच्या पुड्यात दोन तुकडे जास्त टाकतो आणि म्हणतो, "घ्या सित्त बहीगा, हरलेल्यांचा वाटा." यंदा तर ती शाळेतून निवृत्त झाली त्याच दिवशी म्हणाला. वर हेही म्हणाला, "माझ्या डोळ्यांदेखत एकदा हा आकडा पार करून दाखवा. त्याच दिवशी ही फ्रेम मी माझ्या हातानं उतरवीन."

 बहीगानं पुडा घेतला, घरी आली, आणि जेवली नाही.

बदीरला ते बघवेना. तो मला म्हणाला, "अम्म सनूसी, ताईला मी ते यंत्र करून देतो. हल्ली तळहाताएवढा कॉम्प्युटर मिळतो, त्यात ते सगळे जुने खेळ असतात. पडदा मिळतो, दांडा आणि बटणं मिळतात. राहिलं काय? कपाट! आणि कपाट दुमयातवाल्यानं नाही करायचं तर कुणी करायचं?"

"केव्हापर्यंत?"

"शम्म एन-नसीमला. सगळा गाव वसंताचा वारा खायला रास अल-बर्रला जातो. तिथंच, सगळ्यांसमोर, तोल्बा सणाला गाडा लावतो त्याच्या शेजारी."

कपाट झालं. मी असं कपाट पाहिलेलं नाही, देवाशप्पथ. बीच झाडाचं लाकूड, एकही खिळा दिसत नाही, खाली सिंहाचे चार पाय, वर द्राक्षांचा घोस, दोन्ही अंगांना पऱ्या. मी त्याला इतका वर्ख लावला की सूर्य खिडकीतून आत आला आणि लाजून मागे फिरला. पुढची बाजू आमच्या मितवल्लीकडे दिली. मितवल्ली कोचांची गादी आणि कापड करतो, बेचाळीस वर्षांत त्याच्या कोचावर बसून कुणी स्वतःहून उठलेला नाही. त्यानं स्पीकरच्या भोकावर स्पंज बसवला, त्यावर डाळिंबी मखमल ताणली, मखमलीला बटणं टाचली. आतल्या पोकळीत पिंजलेला कापूस ठासला. आम्ही तिघं मागे सरून बघत राहिलो. इतकं सुंदर होतं की बदीरला रडू आलं.

आता स्पीकर.

इथं आमची एक रीत सांगायला हवी. ज्याच्यासाठी सामान चाललंय त्याला ते अर्धवट असताना दाखवायचं नाही, दाखवलं तर जोड सुटतात. नवरीला आपला पलंग लग्नाच्या आठवड्यात पहिल्यांदा दिसतो. बहीगा कारखान्याच्या वरच्याच मजल्यावर राहते, पण खाली यायला तिला बंदी. तिचे कान मात्र कुठल्या रीतीला बांधलेले नव्हते. आम्ही खाली आवाज लावायचा, तिनं वरून निकाल द्यायचा, अशी व्यवस्था झाली.

पहिला स्पीकर बदीरनं टुकटुक रिक्षावाल्याकडून आणला. निळे दिवे लागणारा, ढोलाएवढा. भोकात बसवला, मितवल्लीनं मखमल पुन्हा ताणली, बटणं पुन्हा टाचली. मी खेळ चालू केला. घुर्रर्र! सरसाचे डबे फळीवरून चालत चालत दारापर्यंत गेले. बाकावरचे वाकलेले खिळे हादऱ्यानं सरळ झाले, बदीरनं ते पुन्हा वापरले.

वरून चपलेचा ठोका. "खर्ज आला! शीळ कुठाय?"

"शीळ आहे ना ताई!"

"तुला दिसली असेल. मला ऐकू आली नाही."

"स्पीकर कमजोर," बदीर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एझबत अल-बुर्गच्या बंदरातून एका रय्यिसानं, मासेमारी बोटीच्या तांडेलानं, आपला कर्णा उसना दिला. त्यावरून तो बोटीबोटींना शिव्या घालतो. कर्णा कपाटात मावेना, म्हणून डोक्यावर ठेवला, द्राक्षांच्या घोसात. शीळ सुटली ती अशी की तीन मैल समुद्रात गेलेली बोट बंदर हाका मारतंय समजून परत आली. जाळी रिकामी, तांडेल लाल.

"आता शीळ आली," वरून आवाज. "खर्ज मेला! जड विमान येतंय की डास?"

मितवल्ली म्हणाला, "बघ बदीर, लहान वस्तूंनी हे व्हायचं नाही. मोठा घाव घाल."

म्हणून लग्नातले स्पीकर आले. दोन. प्रत्येक मितवल्लीएवढा उंच, आणि मितवल्लीपेक्षा जरा हुशार दिसणारा. त्यांच्याबरोबर पंखेवाला अँप्लिफायर, तो उचलायला चौघं. आत मावायचा प्रश्नच नव्हता, म्हणून कपाटाची पाठ काढली आणि स्पीकर मागून त्याच्या कापूसभरल्या पोटाला चिकटवले. मी बटण दाबलं. पुढचं मला नीट आठवत नाही. गल्लीतल्या सगळ्या कबुतरांनी एकदम गाव सोडला. समोरच्या घरातल्या मुलीला त्या तासाभरात तीन स्थळं आली, कारण लोकांना वाटलं तिथं साखरपुडा चाललाय आणि आपण मागे राहिलो.

सगळं शांत झाल्यावर वरून बहीगा म्हणाली, "आवाज भरपूर आहे. पण गोधडीतून येतोय."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. गोधडी? इथं गोधडी कुठाय?

"वय झालं ताईचं," बदीर पुटपुटला.

"ऐकलं मी ते!"

मग मितवल्लीनं खिशातून जावयानं दिलेला बिनवायरचा स्पीकर काढला. सुबक, मुठीत मावणारा. "हा बघा. वायर नाही, कटकट नाही." वर ठेवला. आवाज गोड, शीळही आहे, थोडा खर्जही आहे. मी खेळायला बसलो. मेलो. आणि मेल्यावर मला शीळ ऐकू आली.

"पुन्हा," बदीर म्हणाला.

पुन्हा तेच. आधी विमान आदळतं, मग ते येतंय अशी बातमी येते.

"हा स्पीकर नाही, सरकारी खातं आहे," मी म्हणालो. मितवल्लीनं रागानं तो परत खिशात टाकला आणि तो खिशात वाजत राहिला.

सणाला तीन दिवस उरले. बदीर फळीवर डोकं टेकून बसला होता. तोल्बा त्या दिवशी मुद्दाम गल्लीतून गेला आणि दारातून ओरडला, "उस्ता बदीर, ऐकलं कपाट करतोयस! विजेत्याच्या मापाचं कर हां, माझा हात जरा लांब आहे!" वर खिडकी आपटून बंद झाल्याचा आवाज आला. नंतर जिन्यावर पावलं.

"ताई, खाली येऊ नकोस! जोड सुटतील!"

"सुटू देत," बहीगा म्हणाली आणि आत आली.

तिनं कपाटाकडे पाहिलं. पऱ्या पाहिल्या, सिंहाचे पाय पाहिले. डोळे भरून आले असावेत, कारण तिनं चष्मा काढून पुसला. मग चष्मा लावला, पुढे वाकली आणि बोटानं मखमल दाबली. बोट आत आत आत गेलं, मनगटापर्यंत. मग तिनं पाठ उघडून कापूस पाहिला.

"हे कुणी केलं?"

मितवल्ली छाती पुढे काढून म्हणाला, "मी."

"याच्या तोंडावर उशी दाबून धरलीय तुम्ही! आणि पोटात गादी भरलीय! आणि मग विचारताय हे बोलत का नाही?"

मितवल्लीची छाती परत आत गेली.

"आणि स्पीकर कुठं, तर खाली सिंहाच्या गुडघ्याशी. बदीर, माझे कान गुडघ्यांत आहेत का?"

"सित्त बहीगा," मितवल्ली दुखावून म्हणाला, "दुमयातमध्ये पुढच्या बाजूला उघडं भोक? लोक काय म्हणतील? कोच असा विकतात का?"

"यावर बसायचं नाहीये मितवल्ली, हे ऐकायचंय!"

आता खरं सांगतो, आमच्या गावात कापड न चढवलेलं सामान म्हणजे कपडे न घातलेला माणूस. चौथ्या स्पीकरपर्यंत आम्ही मखमलच टाचत बसलो आणि शिव्या मात्र स्पीकरांना घालत राहिलो. दुसऱ्या कुठल्या गावात ही चूक झाली नसती. पण असं कपाटही झालं नसतं.

बहीगानं बाही वर केली आणि वर्ग घ्यायला लागली. "पहिली गोष्ट. वायर भिंतीत जाणार नाही. चाळीस वर्षांपूर्वी जी चूक केली ती पुन्हा नाही. हे बॅटरीवर चालेल, टुकटुकच्या, आणि बॅटरी कपाटाच्या पोटात, कुलुपात. कुणाचा पाय तिथं पोचला तर मी त्याला बक्षीस देईन."

"बॅटरीवर तो पंखेवाला अँप्लिफायर..."

"ती आहे किती आणि तो खाणार किती, दहा मिनिटांत चाटूनपुसून साफ. अँप्लिफायर लहान हवा. मला गाव उठवायचा नाहीये, बदीर. माझे दोन कान उठवायचे आहेत, आणि ते माझ्यापासून हातभर लांबसुद्धा नाहीत."

मग जे स्पीकर आले ते कुणी चोरले नसते. बदीरच्या मेलेल्या टीव्हीतले दोन, तळहाताएवढे. ते वरच्या फळीत, द्राक्षांच्या घोसाखाली, तोंड खाली करून, बरोबर खेळणाऱ्याच्या कानांवर. हे शिळेसाठी. खर्जासाठी एका जुन्या फियाटच्या मागच्या फळीतला, ताटलीएवढा. तो खाली पोटात. बहीगानं कापूस ओंजळ-ओंजळ उपसला आणि मधेमधे ऐकत राहिली. शेवटची एक ओंजळ तिनं परत आत टाकली. "आता पिंपात बोलल्यासारखं वाटत नाही. इथं थांबा." मितवल्लीला त्या एका ओंजळीनं जीव आला. अँप्लिफायर सिगारेटच्या पाकिटाएवढा. पहिल्यांदा लावला तेव्हा माशी अडकल्यासारखा गुणगुणला. कॉम्प्युटरच्या तारेतून त्याला वीज दिली होती. बहीगानं त्याची तार थेट बॅटरीला लावायला सांगितली, आणि माशी उडून गेली. आवाज कमी-जास्त करायची मूठ बदीरनं अक्रोडाची कातून दिली.

राहिला भोकांचा प्रश्न. बदीर अडून बसला. "उघडं ठेवणार नाही. माझं नाव आहे याच्यावर."

मितवल्ली डोकं खाजवत म्हणाला, "वेत विणला तर? खुर्चीच्या बैठकीला विणतो तसा. भोकंभोकं असतात."

"दिवाणखान्याच्या सामानाला वेत? वेत गच्चीतल्या खुर्चीला लावतात!"

"मग मला गच्चीत बसवून खेळव," बहीगा म्हणाली. "विण मितवल्ली."

त्यानं दोन रात्रींत वेताची अशी जाळी विणली की आवाज त्यातून जाताना केस विंचरून जायचा. मी काड्या-काड्यांना वर्ख लावला. बहीगा समोर उभी राहिली, डोळे मिटले. डावीकडून बारीक शीळ आली, मग पोटाखाली घुर्र.

"अरे देवा," ती हळूच म्हणाली. "तेच आहे. तेच."

शम्म एन-नसीमच्या सकाळी रास अल-बर्रला, जिथं नाईल नदी समुद्राला मिळते तिथं, पाय ठेवायला जागा नव्हती. फसीखचा, म्हणजे खारवलेल्या माशाचा वास, कांद्याची पात, रंगवलेली अंडी, चटया, पतंग. आम्ही कपाट ट्रकवरून उतरवलं तेव्हा गर्दीनं लग्नाचं सामान समजून आनंदाची किलकारी दिली. तोल्बाचा गाडा शेजारीच होता. गाड्यावर मिशब्बकची विजेची कढई, मागे फ्रेम, आणि फ्रेमच्या दोन्ही बाजूंना... आम्ही परत केलेले लग्नाचे ते दोन स्पीकर. आता त्यानं ते भाड्यानं आणले होते.

"सण आहे!" तोल्बा हसत ओरडला. "गाणी नकोत का लोकांना?"

बदीर पांढरा पडला. "ताई, याच्यात तुला शीळ ऐकू येणार नाही."

"लाव रे तोल्बा," बहीगा म्हणाली. "मोठ्यानं लाव." आणि अक्रोडाची मूठ तिनं कणभरच फिरवली.

गाण्यानं नदीचं पाणी उलटं वाहायला लागलं, मी पाहिलंय. पण बहीगाच्या डोक्यावर ते दोन छोटे स्पीकर चहाडखोर बायकांसारखे तिच्याच कानात बोलत होते. दुसऱ्या कुणाला शब्द कळत नव्हता. तिला कळत होता. दहा हजार. तीस हजार. बोटं बटणांवर, डोळे अर्धे मिटलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. साठ हजार. गाडा सोडून लोक इकडे सरकायला लागले. तोल्बानं ते पाहिलं आणि अँप्लिफायरचा काटा शेवटपर्यंत फिरवला. कढईही चालूच होती.

ठक्!

गाड्यांच्या अख्ख्या ओळीची वीज गेली. गाणं अर्ध्या शब्दावर मेलं. कढई गार. शेजारच्या आइस्क्रीमवाल्यानं तोल्बाच्या सात पिढ्यांची चौकशी केली. तोल्बा आधी दचकला, मग त्याचा चेहरा उजळला, आणि त्यानं वळून आमच्या पडद्याकडे पाहिलं. तो काळा झालेला त्याला बघायचा होता. चाळीस वर्षांपूर्वी झाला होता तसा.

पडदा लख्ख होता.

आणि त्या शांततेत, हजारो माणसांच्या शांततेत, आमच्या सिगारेटच्या पाकिटातून एक बारीक शीळ निघाली. ऐंशी हजार. सगळ्यांना ऐकू आली. पोरांनी अंडी फोडायची थांबवली. शीळ, मग बटणाचा टक्, मग धडाम. घुर्र, टक्, धडाम. चौऱ्याऐंशी हजार. लोक आता विमानं ओळखायला लागले होते. घुर्र आलं की सगळा किनारा श्वास धरायचा, धडाम झालं की सोडायचा. त्या श्वासांवर दोन पतंग चढले. चौऱ्याऐंशी हजार दोनशे! बदीर माझ्या खांद्याला दातानं धरून उभा होता. अठ्ठ्याऐंशी. नव्वद.

एक्याण्णव हजार. बहीगानं तिकडं बघितलंसुद्धा नाही. एक लाख बारा हजार चारशेला तिचं शेवटचं विमान पडलं. तिनं हात बटणांवरून काढले, आकडा एकदा मोठ्यानं वाचला, फळ्यावरचं उत्तर तपासावं तसा, आणि चष्मा वर ढकलला.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

मग जे झालं ते मी सांगत नाही, तुम्हाला खोटं वाटेल. एवढंच सांगतो, की किलकारीनं समुद्र चार पावलं मागे सरला आणि त्या ओल्या वाळूवर मितवल्ली नाचला.

तोल्बा फ्रेमखाली जाऊन उभा राहिला. मग त्यानं स्टूल ओढलं, वर चढला, आणि फ्रेम उतरवली. शब्दाचा पक्का निघाला. खाली येऊन ती त्यानं बहीगाच्या हातात दिली आणि पायांकडे बघत काहीतरी पुटपुटला.

"काय?" बहीगा म्हणाली.

"म्हटलं... तेव्हा पाय नव्हता लागला. हात होता. माझा."

"नीट ऐकू आलं नाही, तोल्बा. वय झालंय माझं."

गर्दीतून रय्यिस पुढे आला. तोच, बोटीवाला. त्याच्या काखेत त्याचा कर्णा होता. सणालासुद्धा तो त्याशिवाय बाहेर पडत नाही. त्यानं तो तोल्बाच्या हातात दिला.

तोल्बानं कर्ण्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि त्याला हसू फुटलं. चाळीस वर्षांचं काहीतरी सुटल्यासारखं. त्यानं कर्णा तोंडाला लावला, छाती भरून घेतली.

"वायर मी ओढली! सित्त बहीगा जिंकली होती!"

तीन मैल समुद्रात गेलेल्या बोटींनी भोंगे वाजवून उत्तर दिलं. या वेळी एकही बोट परत आली नाही. त्यांना सगळं स्पष्ट ऐकू आलं होतं.

वीज परत आली, कढई तापली. तोल्बानं पहिला घाणा काढला आणि सगळाच्या सगळा बहीगापुढे ठेवला. तिनं एक तुकडा घेतला, उन्हात धरून त्याची जाळी निरखली, आणि मितवल्लीला म्हणाली, "बघ, वेतापेक्षा ही बरी दिसली असती."

"दोन दिवसांत मुंग्या लागल्या असत्या," मितवल्ली गंभीरपणे म्हणाला. पण मी पाहिलं, तो तुकडा हातात घेऊन भोकं मोजत होता.